‘चिमुकल्यांवर प्रयोग!’ या मथळ्यावरून

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकाच्या आतल्या पानावर ‘चिमुकल्यांवर प्रयोग!’ असा मथळा होता, उद्गारचिन्हासकट. खालची बातमी चार परिच्छेदांची आणि साधीच होती. मुलांच्या एका आजारावर दोन उपचारांची तुलना होणार, पालकांची लेखी संमती घेणार, एका गटाला नवं औषध आणि दुसऱ्याला सध्याचं. बातमीत खोट काढण्यासारखं काही नव्हतं. मथळा मात्र असा, की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पिंजऱ्यातले ससेच यावेत.

माझ्या भाचीने त्या पानाचा फोटो मला पाठवला. तिचं बाळ पाच महिन्यांचं आहे. फोटोखाली एकच ओळ: ‘मावशी, हे असं खरंच करतात?’

करतात. आणि केलं नाही की काय होतं, ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण ते मी माझ्या हातांनी केलं आहे. १९९२ ते २०१९ अशी २७ वर्षं मी मुलांच्या वॉर्डात परिचारिका होते, त्यातली शेवटची ११ नवजात अतिदक्षता विभागात. मी डॉक्टर नाही, संशोधक तर नाहीच. माझं काम बाळ धरण्याचं. सुई घालणाऱ्याचं नाव केसपेपरवर येतं, धरणारीचं येत नाही. पण सुई नीट जाणार की नाही, हे अर्ध्याहून जास्त धरणारीवर असतं. माझ्याबरोबरच्या कुठल्याही सिस्टरला विचारा.

पाठीतलं पाणी काढायचं म्हटलं की आईबापांच्या पोटात गोळा येतो. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती जे पाणी असतं, त्याचे काही थेंब कमरेच्या मणक्यांमधून बारीक सुईने काढून तपासायचे. बाळाला मेंदूज्वर आहे की नाही, हे ठरवायला याहून सरळ मार्ग नाही. मला शिकवलं ते असं: बाळाला कुशीवर घ्यायचं, पाठ टेबलाच्या कडेला लावायची, एक हात मानेमागे, एक गुडघ्यांमागे, आणि त्याचं मुटकुळं करायचं. पाठ जितकी गोल होईल तितके मणके एकमेकांपासून सुटतात आणि सुईला फट मिळते. पण मान जास्त दुमडली की इवल्याशा बाळाचा श्वास अडतो. म्हणून धरणारीने सुईकडे बघायचं नसतं. माझी नजर कायम ओठांवर. गुलाबी आहेत तोवर ठीक. निळसर झाक आली की ‘सर, थांबा’, मग सर कितीही मोठे असोत. पाणी नितळ आलं तर वाट बघायची, एक थेंब, दुसरा थेंब, बाटलीच्या तळाशी जेमतेम जमेल इतकं. लाल आलं तर वाटेत शीर लागली. नमुना रक्ताळला की तपासणीचा अर्थ लावणं अवघड, आणि मग पुन्हा टोचा.

हे कुशीवर धरणं मला माझ्या सीनियर सिस्टरनी शिकवलं, त्यांना त्यांच्या सीनियरनी. बाळाला बसतं करून, पुढे वाकवून धरण्याचीही पद्धत आहे, हे मी ऐकून होते. बदलून आलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी एकदा तसं धरायला सांगितलं, तेव्हा मीच त्यांना म्हटलं होतं, ‘मॅडम, आमच्याकडे असं नाही करत.’ चांगल्या ठसक्यात म्हटलं होतं.

मी निवृत्त झाल्यावर, २०२२ साली, या दोन पद्धतींच्या तुलनेचा निकाल आला. ब्रिटनमधल्या २१ ठिकाणी हजाराहून अधिक नवजात बाळांवर ही चाचणी झाली. कोणाला कुशीवर धरायचं आणि कोणाला बसवून, हे डॉक्टर किंवा सिस्टर ठरवत नव्हते. चिठ्ठी टाकावी तसं संगणक ठरवत होता. पहिल्याच टोचण्यात चांगला नमुना मिळाला तो बसवलेल्या बाळांत १०० मागे सुमारे ६४ वेळा, आडव्या बाळांत सुमारे ५८ वेळा. ऑक्सिजनची घसरणही बसलेल्या बाळांत कमी झाली. म्हणजे मी ज्या ओठांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवत होते, ते माझ्याच धरण्याने निळे पडण्याचा धोका वाढत होता.

शंभरात सहाचा फरक ऐकायला फार वाटत नाही. ज्या सहा बाळांना दुसऱ्यांदा टोचावं लागलं नाही, त्यांच्या आयांना विचारा. मी २७ वर्षांत किती बाळं आडवी धरली त्याची मोजदाद नाही. तोही प्रयोगच चालला होता, फक्त त्याची वही कोणी ठेवत नव्हतं. त्या चाचणीत नवं औषध नव्हतं, नवं यंत्र नव्हतं. बाळ कसं धरावं, एवढाच प्रश्न. आणि तरी आपल्या मथळ्याच्या हिशेबाने तोसुद्धा ‘चिमुकल्यांवर प्रयोग!’

भाचीला हे सगळं फोनवर सांगितलं. तिचा पुढचा प्रश्न तयारच होता: ‘पण आधी मोठ्यांवर करून बघावं ना?’

हा प्रश्न सगळे विचारतात, आणि रास्तच आहे. औषध बहुतेक वेळा आधी मोठ्यांमध्येच तपासतात. अडचण पुढे येते. बाळ म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस असं धरून चाललं की घात होतो. १९५० च्या दशकात क्लोरॅम्फेनिकॉल हे जंतुनाशक मोठ्यांत उत्तम चालत होतं, म्हणून जंतुसंसर्गाचा धोका असलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांनाही ते आधीच देऊन ठेवत. बाळं पोट फुगून, राखाडी पडून जायची. बाळ नाजूकच होतं, संसर्गाने गेलं, असंच सगळ्यांना वाटे. लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी बाळांचे गट करून नीट तुलना केली, तेव्हा १९५९ मध्ये खरं कारण बाहेर आलं. ज्यांना कुठलंच जंतुनाशक दिलं नव्हतं, त्यांच्यातलं साधारण पाचातलं एक बाळ दगावलं होतं. ज्यांना क्लोरॅम्फेनिकॉल दिलं, त्यांच्यातली पाचातली तीन. नवजात बाळाचं यकृत ते औषध पचवून बाहेर टाकायला तयारच नसतं, त्यामुळे ते अंगात साठत जातं. मोठ्या माणसांवर कितीही वर्षं चाचण्या केल्या असत्या तरी हे कळलं नसतं.

वेदनेचंही तसंच. मी नोकरीला लागले तेव्हा आम्हांला सरळ सांगत, ‘एवढ्या लहान बाळाला कळत नाही, मज्जातंतू कच्चे असतात.’ मी त्यावर विश्वास ठेवला. विश्वास ठेवणं सोयीचंही होतं, नाहीतर दिवसातून आठ आठ वेळा टाचेला टोचणार कसं? खरं तर तोवर ऑक्सफर्डमध्ये डॉ. कंवलजीत सिंग आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम १९८७ सालीच छापून आलं होतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची हृदयाजवळची एक रक्तवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया तेव्हा बहुतेक ठिकाणी नायट्रस ऑक्साइड हा हलका वायू आणि स्नायू लुळे पाडणारं औषध देऊन होत असे. बाळ हालत नसे, म्हणून सगळ्यांना ते शांत वाटे. या डॉक्टरांनी निम्म्या बाळांना त्याच्या जोडीला फेंटानिल हे जोरकस वेदनाशामक दिलं आणि रक्तातली ताणाची संप्रेरकं मोजली. ज्यांना फेंटानिल मिळालं नव्हतं त्यांच्या शरीरात त्या संप्रेरकांचा कल्लोळ उठला होता, आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त झाली.

हे वाचून कोणी म्हणेल, दुसऱ्या गटावर केवढा अन्याय! मलाही पहिल्यांदा वाचताना काटा आला. पण त्या दुसऱ्या गटाला मिळालं ते त्या काळी चाचणीबाहेरच्या सगळ्याच बाळांना मिळत होतं. त्यांच्यासाठी मात्र कोणी मथळा दिला नव्हता.

आमच्या वॉर्डात हे ज्ञान पोचायला किती वर्षं लागली ते सांगायची लाज वाटते. टाचेतून रक्त घेण्याआधी दोनेक मिनिटं जिभेवर साखरपाण्याचे थेंब सोडले, किंवा बाळाला अंगावर पाजता पाजता टोचलं, तर वेदना कमी होते, हे कितीतरी चाचण्यांमधून दिसलं आहे. बाळाची वेदना मोजतात कशी, तेही मला फार उशिरा कळलं. रडण्याचा आवाज धरून चालत नाही, कारण घशात श्वासाची नळी असलेल्या बाळाला आवाजच नसतो. तोंड रडतं, आवाज येत नाही. ज्याने ते पाहिलं तो विसरत नाही. म्हणून भुवया आवळून कपाळावर किती आठ्या पडतात, डोळे किती घट्ट मिटले जातात आणि नाकाच्या कडेने ओठाकडे जाणारी घडी किती वेळ टिकते, हे बघतात आणि नाडी व ऑक्सिजनच्या आकड्यांबरोबर त्याचे गुण देतात. हे सगळं माझ्यासमोर रोज होत होतं. मी कापूस दाबून धरायचे आणि पुढच्या पाळण्याकडे जायचे.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसले, ती सांगते.

१९४० च्या दशकात अपुऱ्या दिवसांची बाळं नव्या इनक्युबेटरमध्ये जगू लागली आणि त्यांतली कितीतरी आंधळी होऊ लागली. डोळ्याच्या आतला पडदाच खराब व्हायचा. कोणी जीवनसत्त्वांना दोष दिला, कोणी उजेडाला. इनक्युबेटरमध्ये सढळ हाताने सोडलेल्या ऑक्सिजनवर संशय घ्यायला लोक तयार नव्हते, कारण ऑक्सिजन दिला की निळं बाळ गुलाबी होतं, हे तर डोळ्यांना दिसत होतं. वॉशिंग्टनच्या एका सार्वजनिक रुग्णालयात आर्नल पॅट्झ नावाच्या तरुण डॉक्टरने बाळांचे दोन गट करून बघायचं ठरवलं. एका गटाला नेहमीसारखा भरपूर ऑक्सिजन, दुसऱ्याला गरजेपुरता. आणि तिथल्या काही जुन्या जाणत्या सिस्टर रात्रपाळीला दुसऱ्या गटातल्या बाळांचा ऑक्सिजन गुपचूप वाढवून ठेवू लागल्या. हा डॉक्टर बाळांना मारणार, अशी त्यांची खात्री झाली होती.

मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. कारण त्या सिस्टरांमध्ये मी असते. शंभर टक्के असते. रात्री तीनची वेळ, दिवे मंद, बाळाचे ओठ जरा मळकट दिसतात, आणि ऑक्सिजन कमीजास्त करायची फ्लोमीटरची कळ हाताशी आहे. कोण थांबेल? ती सगळी माया होती, आणि त्या मायेने बाळांचे डोळे जात होते. पुढे १९५३-५४ मध्ये अमेरिकेतल्या १८ रुग्णालयांनी मिळून मोठी चाचणी केली, तेव्हा वादच उरला नाही. तोवर जगभरात सुमारे १०,००० बाळांची दृष्टी गेली होती, असा अंदाज सांगतात. त्यांतल्या बहुतेक बाळांवर कोणी ‘प्रयोग’ केला नव्हता. त्यांना उत्तम सेवा मिळत होती.

गोष्ट इथे संपत नाही, आणि इथेच मला चाचणीवाल्यांचाही कान धरायचा आहे. त्यानंतर सगळ्यांनी ऑक्सिजन इतका आखडता घेतला की आंधळेपण कमी झालं, पण बाळं दगावू लागली. नेमका किती द्यायचा, हा प्रश्न अर्धं शतक रेंगाळला. २०१० मध्ये अमेरिकेत, २४ ते २७ आठवड्यांत जन्मलेल्या १,३१६ बाळांच्या चाचणीचा निकाल आला. रक्तातला ऑक्सिजन ८५ ते ८९ टक्के ठेवावा की ९१ ते ९५, एवढाच सवाल. कमी ठेवलेल्या गटात जगलेल्या बाळांपैकी १०० मागे ९ जणांना डोळ्यांचा गंभीर विकार झाला, जास्तवाल्यांत १८ जणांना. पण मृत्यू? कमी ठेवलेल्यांत १०० मागे २०, जास्तवाल्यांत १६. दोन्ही मर्यादा त्या वेळी नेहमीच्या उपचारांत चालतच होत्या, त्यामुळे चाचणीने कोणाला मुद्दाम खड्ड्यात ढकललं असं नाही. पण संमतीच्या कागदांत हा धोका आईबापांना सरळ शब्दांत सांगितला नव्हता, असं तिथल्याच सरकारी देखरेख कार्यालयाने २०१३ साली सुनावलं आणि त्यावरून मोठा वाद झाला. अशा वेळी पहिल्या पानावर, उद्गारचिन्हासकट मथळा द्या. मी कौतुकच करेन.

संमतीचा कागद ही चीज मी जवळून पाहिली आहे. आमच्याकडेही एक अभ्यास चालू होता. कुठला, कुठे, ते सांगत नाही. २९ व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ, जन्मून दोन तास झालेले. आई अजून ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या खोलीत, भुलीतून पुरती उतरलेली नाही. वडील नवजात अतिदक्षता विभागाच्या दाराशी, पायांत रुग्णालयाच्या चपला, त्याही उलटसुलट घातलेल्या. रेसिडेंट डॉक्टर सात पानं वाचून दाखवत होते. चांगला मुलगा होता तो, घाई करत नव्हता. पण चौथ्या पानावर त्या माणसाची नजर काचेपलीकडे गेली आणि परत आलीच नाही. मग त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, ‘सिस्टर, तुमचं बाळ असतं तर तुम्ही सही केली असती?’

‘दादा, ते मला विचारू नका,’ मी म्हटलं. नियमाने तेच बरोबर.

मग त्याने जे विचारलं ते डॉक्टरांना कोणी विचारत नाही, सिस्टरलाच विचारतात. ‘नाही म्हटलं तर बाळाकडे दुर्लक्ष होईल का?’ याचं उत्तर कागदात पाचव्या पानावर होतं, एका लांबलचक वाक्यात. मी सांगितलं, ‘अजिबात नाही. रात्रभर मीच आहे. तुम्ही सही करा, करू नका, मी हेच करणार आहे.’ त्याने तेव्हा सही केली नाही. सकाळी सहाला बायकोशी बोलून आला आणि मग केली. रेसिडेंट डॉक्टर तोपर्यंत थांबले, हे त्यांच्या खात्यावर जमा. माझ्या मते पहिलंच वाक्य ते पाचव्या पानावरचं असायला हवं, मोठ्या ठशात.

अशा चाचण्यांवर एक स्वतंत्र समिती लक्ष ठेवून असते, हे आपल्या बातमीत यायला हवं होतं. चाचणी चालू असतानाच ती आकडे बघते आणि एक बाजू स्पष्ट भारी पडली की चाचणी थांबवते. आफ्रिकेत तापाने फणफणलेल्या आणि हातपाय गार पडलेल्या मुलांना शिरेतून भराभर सलाईन द्यावं की सावकाश, याची चाचणी अशीच थांबवावी लागली. तीन हजारांहून अधिक मुलं होती. भराभर सलाईन दिलेल्यांत ४८ तासांत १०० मागे साधारण साडेदहा मुलं दगावली, तसं न दिलेल्यांत सात. निकाल २०११ साली छापून आला. जुलाबाने सुकलेली मुलं त्या चाचणीत नव्हती आणि तिथे व्हेंटिलेटरची सोय नव्हती, त्यामुळे तो निकाल जसाच्या तसा सगळीकडे लावता येत नाही. पण मोठी सिरिंज जोडून दाबून सलाईन ढकलण्यात माझा हात इतका बसला होता की माझ्या मनात कधी शंकासुद्धा आली नव्हती.

दुसरी चाचणी थांबवली ती फायदा उघड दिसला म्हणून. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या पाच रुग्णालयांत १ ते १.८ किलोची ३,२११ बाळं. प्रश्न असा, की बाळ स्थिरावेपर्यंत आधी इनक्युबेटरमध्ये ठेवायचं, की जन्मल्याबरोबरच आईच्या उघड्या छातीशी? ताबडतोब छातीशी ठेवलेल्यांत महिन्याच्या आत १०० मागे १२ बाळं गेली, नंतर ठेवलेल्यांत जवळपास १६. हा निकाल २०२१ चा. आता माझी बाजू ऐका. आमच्या विभागात आयांना आत यायला ठरावीक वेळ होती. वेळ संपली की त्यांना बाहेर काढायचं काम माझं. ‘ताई, चला आता, इन्फेक्शन होईल बाळाला.’ हे वाक्य मी हजारो वेळा म्हटलं असेन. आया ऐकायच्या. उठताना बाळाच्या दुपट्याचं टोक बोटांतून सावकाश सोडायच्या.

मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचं उदाहरण सगळे देतात, म्हणून थोडक्यात. १९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी १६ मुलांना अमिनोप्टेरिन दिलं. १० जणांचा आजार हटला, तोही तात्पुरता. हे औषध अमेरिकेत काम करणारे भारतीय शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने बनवलेलं. त्याआधी फॉलिक आम्ल हे जीवनसत्त्व दिल्यावर हा रोग उलट बळावलेला दिसला होता. म्हणून मग फॉलिक आम्लालाच विरोध करणारं औषध शोधलं. आज श्रीमंत देशांत त्यातल्या सर्वांत नेहमीच्या प्रकाराची दहातली नऊ मुलं बरी होतात. हा पल्ला कुठल्या एका जादूच्या इंजेक्शनने गाठलेला नाही. एकामागून एक चाचण्या झाल्या, आणि त्यांतल्या कित्येक काय कमी करता येईल हे शोधण्यासाठी होत्या. डोक्याला सरसकट दिलं जाणारं रेडिएशन बहुतेक मुलांना द्यायची गरज नाही, हे असंच कळलं.

‘काय कमी करता येईल’ हा प्रश्न वर्तमानपत्रांना बातमीचा वाटत नाही, आणि माझी तक्रार तीच आहे. मूत्रपिंडातून प्रथिनं वाहून जाऊन मुलं सुजतात, तो नेफ्रोटिक सिंड्रोम घ्या. यावर स्टेरॉइड देतात. चेहरा चंद्रासारखा वाटोळा होतो, भूक खाखा सुटते, मूल चिडचिडं होतं, शाळेत चिडवलं जातं. सुरुवातीलाच स्टेरॉइड जास्त महिने दिलं तर आजार उलटणार नाही, असं वाटे आणि म्हणून कितीतरी मुलांना ते लांबवून दिलं गेलं. मग २०१५ मध्ये भारतात तीन महिने विरुद्ध सहा महिने आणि २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये ८ आठवडे विरुद्ध १६ आठवडे, अशा तुलनांचे निकाल आले. लांबवल्याने आजार उलटायचा थांबत नाही. ‘फरक पडला नाही’ असा निकाल. कोणत्या वर्तमानपत्रात आपण ही बातमी वाचली? ज्या मुलाच्या वाट्याचं आठ आठवड्यांचं स्टेरॉइड वाचलं, त्याच्या घरी तरी ती मोठी बातमी होती.

म्हणून आपल्याला विनंती आहे. चाचणी सुरू झाल्याची बातमी देता तशी ती संपल्याचीही द्या. किती मुलं होती, तुलना कशाशी झाली, काय मोजलं, नुकसान कोणाला झालं, एवढं पाच ओळींत मावतं. फसलेल्या चाचण्यांचंही छापा. आणि जिथे आईबापांपासून काही लपवलं असेल तिथे कोणाचीही भीडभाड ठेवू नका.

हे मागण्याचं कारण तो उलट्या चपलांचा बाप. बाळ जगलं. तीनेक वर्षांनी तपासणीला आणलं होतं, डोळ्यांना चष्मा, हातात प्लास्टिकची मोटार, आणि ती मोटार माझ्या टेबलावरून खाली पाडण्याचा सपाटा चालू होता. वडिलांनी मला ओळखलं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, ‘सिस्टर, त्या अभ्यासाचं काय निघालं हो शेवटी?’

मला माहीत नव्हतं. रेसिडेंट डॉक्टर केव्हाच दुसरीकडे गेले होते. वॉर्डात कोणाला माहीत नव्हतं. निकाल कुठल्यातरी इंग्रजी नियतकालिकात छापून आला असणार, पण सही करणाऱ्याला तो कोणी कळवला नव्हता, आणि बाळ धरणारीलाही नाही. मी म्हटलं, ‘विचारून सांगते, दादा.’ त्यांचा नंबर केसपेपरच्या मागे लिहून घेतला.

विचारलं दोन ठिकाणी. मग बदली झाली, आणि ते राहूनच गेलं.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका

(पत्र छापल्यास कृपया नाव देऊ नये.)